हायवेवरचा सडा

पळस्पे ते बंदर हा आमचा हायवे इतका लहान, की त्याला स्वतःचा नंबरही मिळाला नव्हता. मोठ्या चार नंबरच्या हायवेला ‘ब’ चिकटवून काम भागवलेलं. बंदरातल्या नोकरीवर जाताना ऑफिसच्या बसमध्ये आमचा ठरलेला विनोद होता, की तंबाखू मळून होईपर्यंत हा संपतो.

एका सकाळी बस पंक्चर झाली म्हणून खाली उतरलो. एक म्हातारी कळशी घेऊन सरळ रस्त्याच्या मधोमध गेली आणि वाकून डांबरावर सडा घालू लागली. समोरून कंटेनरचा ट्रेलर येत होता. मी धावलो आणि दंड धरून तिला कडेला ओढलं. ट्रेलर हॉर्न देत अगदी अंगाजवळून गेला. तिनं आधी कळशीत पाणी उरलंय का ते पाहिलं.

“मावशी, हायवे आहे हा. मेला असतात.”

“आंगन हाय माजं,” ती म्हणाली. “रोज घालते.”

तिनं कळशी कमरेवर घेतली आणि रस्त्याकडे हात केला.

“यो जातो कुठवर, दादा?”

“पळस्प्यापर्यंत. लहानच आहे. देशातल्या लहानात लहान हायवेंपैकी.”

“ल्हान?” तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “माजं आख्खं घर मावलं त्यात.”

तेवढ्यात दुसरा ट्रेलर आला. दारातून पाहुणा निघाल्यावर बाजूला व्हावं, तशी ती पदर सावरून मागे सरकली.