ह्यांच्यासाठी हलकी रायफल

मागच्या उन्हाळ्यात मी रायफलींचा जेवढा अभ्यास केला, तेवढा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षालाही केला नव्हता. आणि मी म्हणजे कोण, तर दिवाळीत फुलबाजी पेटवतानासुद्धा तोंड फिरवणारी बाई! पण इथे परदेशात, ईडन प्रेरीतल्या आमच्या किचनच्या टेबलावर आयपॅड उघडून मी रोज सकाळच्या चहाबरोबर नळीची लांबी, दस्ता लाकडाचा की प्लास्टिकचा, वजन किती, असलं काहीबाही वाचत बसायचे. मिक्सर घेताना मी एवढे रिव्ह्यू वाचले नव्हते, आणि मिक्सर घ्यायला मला वर्ष लागलं होतं.

का, ते सांगते. आमचे हे नागपूरचे. नागपूरची माणसं ऐसपैस बोलतात असा पुण्याला माझ्या माहेरी समज होता. माझ्या वाट्याला नेमका मुका नागपूरकर आला. कंपनीत आयुष्यभर इंजिनिअर म्हणून काम केलं, आणि घरी आले की ‘हं’ आणि ‘बरं’ ह्यावर आठवडा निघायचा. अपवाद फक्त नोव्हेंबरचा. ऑफिसमधल्या एका मित्राची उत्तरेला जंगलात जमीन आहे. तिथे हे दर वर्षी हरणाच्या शिकारीला जायचे, आणि तिथून आले की ह्यांना वाचा फुटायची.

सीझनचा पहिला वीकएंड संपला की रविवारी संध्याकाळी हे परतायचे. अंगाला धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास. बूट मी गराजमध्येच काढायला लावायचे. मग हे ओट्याशी स्टूल ओढून बसायचे आणि सुरू व्हायचे. थंडीने झाडं कशी तडकतात, बर्फातली कोल्ह्याची पावलं कशी एका रेषेत जातात, हरणाची मादी आधी उघड्यावर येऊन कशी अंदाज घेते आणि नर लबाड मागे झाडीत कसा उभा राहतो. हरीण मिळालेलं असो नसो, बोलणं तेवढंच. मी पोळ्या लाटत ऐकायचे. मला त्या जंगलाचं काही पडलेलं नव्हतं हो. मला तो बोलणारा माणूस फार आवडायचा. स्पष्टच सांगते, वर्षभर मी त्या एका संध्याकाळची वाट बघायचे.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी काकू हमखास विचारायच्या, “अगं, हे खरंच मारतात का गं हरणं? पाप नाही का लागत?” ह्याच काकूंनी आमच्याकडे सावजी रस्सा दोनदा वाढून घेतला होता. मटण कसलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपलं पाप आपल्याजवळ.

तीनएक वर्षांपूर्वी ह्यांना पार्किन्सन निघाला. हात थरथरतो ते चारचौघांना दिसतं. आवाज बसत जातो ते फक्त घरातल्यांना कळतं. आधीच मोजकं बोलणारा माणूस, त्यात आवाज इतका बारीक झाला, की डिशवॉशर चालू असला तर मला एक अक्षर कळायचं नाही. “काय? अहो, मोठ्याने बोला ना!” हे मी उठताबसता म्हणायला लागले. मग हे “काही नाही” म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. हळूहळू ते ‘काही नाही’सुद्धा बंद झालं.

त्यात ती जुनी रायफल. अक्रोडाच्या लाकडाची, वर ही भली मोठी दुर्बीण. नाकापेक्षा मोती जड! ती खांद्यावर घेऊन हे मित्राच्या जंगलात शिरले, आणि अर्ध्या वाटेतच एका आडव्या पडलेल्या झाडावर बसले ते उठेचनात. मित्राने हाताला धरून गाडीपर्यंत आणलं. घरी येऊन “आता पुरे” एवढंच म्हणाले आणि रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढच्या नोव्हेंबरात गेलेच नाहीत. त्या रविवारी संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, हे पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर होते, आणि मला इतकं रडू आलं की पोळी तव्यावर करपली. नवरा घरात, भिंतीपलीकडे, आणि मला त्याची आठवण येत होती. हे सांगणार कुणाला?

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. ह्यांना पुन्हा जंगलात धाडायचं. वजन जड होतंय ना, मग हलकं घ्या. त्यात काय एवढं!

मुलीला फोनवर सांगितलं. ती सनीव्हेलला असते, जन्म इथलाच. “आई, बाबांचे हँड्स शेक होतात आणि तू त्यांना गन घेऊन देतेयस? आर यू सीरियस?” मी म्हटलं, “अगं, शेक होतात ते नुसतं बसलेले असताना. काही धरलं की थांबतात.” आणि खोटं नव्हतं ते. मांडीवर थरथरणारा हात कप धरला की शांत व्हायचा. मी रोज बघत होते. ती म्हणाली, “व्हॉटेव्हर, आई. प्लीज डॉक्टरांना विचार.” मी विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर?

सप्टेंबरात ह्यांना गाडीत घालून शिकारीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेले. पर्समध्ये आमचा हुकाचा वजनकाटा टाकला. आपल्याकडे कुणाच्या घरी नसतो तो? भारतात जाता-येताना बॅगा तोलून तोलून आपली अर्धी हयात गेली. एक पौंड जास्त झाला की एअरपोर्टवर बॅग उघडून, सगळ्यांदेखत पापडाची पाकिटं नवऱ्याच्या जॅकेटमध्ये कोंबायची. तेव्हापासून वजन म्हणजे शत्रू आणि हलकं ते चांगलं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

काउंटरवर दाढीवाला एक तरुण मुलगा होता. तो एकेक रायफल काढायचा, बोल्ट मागे ओढून ती रिकामी असल्याचं दाखवायचा आणि समोर ठेवायचा. बोल्ट म्हणजे गोळी आत सरकवायचा दांडा, दर गोळीला हाताने मागेपुढे करायचा असतो. मग मी माझा स्कार्फ रायफलीला गुंडाळून गाठ मारायचे, गाठीत हूक अडकवायचे आणि उचलायचे. त्या मुलाने असलं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नसेल. आमचे हे तर लांब मासेमारीच्या गळांकडे जाऊन उभे राहिले, ह्या बाईशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून.

शेवटी एक सापडली. साडेपाच पौंडांची, जुनीच्या जवळजवळ निम्मी. नळी आखूड. दाट झाडीत लांब नळी फांद्यांत अडकते, हे मी वाचलेलं होतं. दस्ता प्लास्टिकचा, बर्फापावसात फुगायचा प्रश्न नाही. दुर्बीणही लहान घ्यायची, कारण त्या झाडीत हरीण लांबून दिसतच नाही, दिसलं तर अंगणाएवढ्या अंतरावर. मी हे सगळं त्या मुलाला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, “मॅम, एक आहे. हलकी रायफल खांद्याला जास्त धक्का देते. त्यांना चालेल का?” मी म्हटलं, “चालेल. त्यांना माझी चाळीस वर्षांची सवय आहे.”

हे आले. रायफल हातात घेतली आणि चेहराच बदलला हो. बोल्ट ओढून आत स्वतः डोकावून बघितलं, बोटाने चाचपलं. दुसऱ्याने रिकामी म्हटलेली बंदूक रिकामी मानायची नाही, हा ह्यांचा नियम. मग दस्ता खांद्याला लावून समोरच्या भिंतीवर वर, छताच्या कोपऱ्यावर नेम धरला. नळी एकदम स्थिर. मी मनातल्या मनात गावभर पेढे वाटले. मुलीला तिथूनच फोन लावावा असं वाटलं.

आणि मग ती हलायला लागली. आधी थोडी. मग थांबेचना. नळीचं टोक कोपऱ्यापासून घसरून दिव्यापर्यंत, तिथून पुन्हा कोपऱ्यापर्यंत जायला लागलं. कप तोंडाशी नेऊन लगेच खाली ठेवायचा असतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. धरून ठेवायचं म्हटलं की काय होतं, ते मला त्या दिवशी दिसलं. जड रायफल आपल्या वजनाने थरथर दाबून टाकते. ही हलकी बिचारी, हात जे सांगेल ते ऐकत होती. जड घेतली तर चालवत नाही, हलकी घेतली तर धरवत नाही. आगीतून फुफाट्यात.

तो मुलगा भला होता. म्हणाला, “सर, टेकवायला काठी मिळते, दोन पायांची. ती पुढे रोवली की झालं.” ह्यांनी रायफल खाली घेतली, नळी जमिनीकडे केली आणि मान हलवली. दाट जंगलात हरीण दोन झाडांच्या फटीत दोन श्वास दिसतं. तेवढ्यात काठी रोवायची कधी? आणि जिचं टोक आपलं ऐकत नाही अशी बंदूक घेऊन जिथे दुसरी माणसं असतात तिथे जायचं नाही. हे सगळं ते बोलले नाहीत. पण मला माहीत होतं, इतकी वर्षं ऐकलेलं होतं.

मी स्वतः त्यांना आणलं होतं, हौसेने, वजनकाटा घेऊन, आणि चारचौघांत दाखवून दिलं होतं की संपलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

ह्यांचे ओठ हलले. दुकानात गाणी लागलेली. “काय?” मी म्हटलं, “मोठ्याने बोला ना.” तर हे जवळ आले, अगदी कानाशी, आणि म्हणाले, “तू धर.”

“मी? काहीतरीच काय!”

“धर गं. तुला बसते का बघू.”

मी धरली. दुसरं काय करणार! आणि हे माझ्या मागे उभे राहून कानात सांगायला लागले. “दस्ता खांद्याच्या खोबणीत. अजून आत. गाल टेकव. मान नको ताणूस, बंदूक वर आण. बोट चापावर नाही, बाजूला. हं. आता श्वास सोड.” दस्ता मला किंचित लांब होता, तर त्या मुलाला सांगून आखूड दस्त्याची काढायला लावली. बोल्ट चार वेळा करून घेतला. मी कसली ऐकतेय त्या बोल्टचं! कित्येक महिन्यांत हा माणूस माझ्याशी सलग इतकं बोलला नव्हता. तो म्हणाला असता तोफ घे, तर मी तोफ घेतली असती.

तर अशी ती रायफल घेतली. कपाटातल्या जुनीच्या शेजारी ठेवली. महिनाभर हे मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जात होते, खांदा काळानिळा झाला, पण कागदाला भोकं पडायला लागली. मुलगी म्हणाली, “आता दोघंही क्रेझी झालात.” नोव्हेंबरात माझ्या नावाचं लायसन्स काढलं आणि शिकाऱ्यांचं ते भडक केशरी जॅकेट अंगावर घातलं. संन्यास घ्यायच्या वयात भगवं चढवलं खरं, पण हातात बंदूक.

मित्राने आमच्यासाठी गाडीवाटेपासून जवळच, स्प्रूसच्या झाडांच्या दाटीत दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि तो स्वतः पलीकडच्या टेकडीकडे निघून गेला. उजाडत होतं. आम्ही बसलो. रायफल माझ्या मांडीवर, थंडी नाकातून मेंदूत जात होती, आणि मी स्वतःला शिव्या घालत होते. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की कशाचाच आवाज नाहीये. फ्रिज नाही, हीटर नाही, रस्ता नाही, फोन नाही. वारासुद्धा पडलेला.

आणि हे बोलायला लागले. त्याच आवाजात, त्याच बारीक, बसलेल्या आवाजात. मला सगळं ऐकू आलं. एकदाही ‘काय’ म्हणावं लागलं नाही.

आधी जंगलाचंच. त्या खोडाखाली एका वर्षी रानकोंबडीने कसं दचकवलं होतं, मित्र खुर्चीतच झोपून कसा घोरत होता. मग म्हणाले, “तू इथे आलीस तो पहिला हिवाळा. बेसमेंटमध्ये जाऊन रडायचीस.”

मला वाटत होतं ते कुणालाच माहीत नाही.

“मला वरती ऐकू यायचं,” हे म्हणाले. “काय बोलावं सुचायचं नाही. ऑफिसचं काय सांगणार तुला, पाइप आणि पंप? घरी येऊन तुला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच गं. मग पुढच्या वर्षी ह्या मित्राने विचारलं, शिकारीला येतोस का? म्हटलं, जाऊन बघू. काहीतरी मिळेल सांगायला.”

माझ्या डोळ्यांतलं पाणी गालावर गार पडत होतं. तेवढ्यात समोर, दोन झाडांच्या फटीत, एक मादी येऊन उभी राहिली. इतक्या जवळ, की तिच्या नाकातली वाफ दिसत होती. मी श्वास धरला. ह्यांनाही ती दिसली, मला कळलं, कारण त्यांनी मान किंचित तिकडे वळवली. जंगलात खोकलासुद्धा गिळायचा असतो हे मला शिकवणारा माणूस. मी वाट बघत होते, आता थांबतील, आता खूण करतील. ते बोलतच राहिले. तिने कान टवकारले, पाय आपटला आणि पांढरी शेपटी वर करून झाडीत नाहीशी झाली.

“गेली,” मी म्हटलं.

“जाऊ दे,” हे म्हणाले. “तर मी काय सांगत होतो...”