मेणातला तुकडा

चिंतामण गणपतीपाशी मी काय मागितलं होतं, ते मला शब्द न् शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, असं बरेच महिने वाटत होतं. आमच्या उज्जैनला देवळाच्या मागच्या भिंतीवर ओल्या कुंकवाने उलटं स्वस्तिक काढून मागणं मागायचं, आणि ते पूर्ण झालं की परत येऊन सुलटं काढायचं, अशी रीत आहे. माझं उलटं स्वस्तिक काढून झालं होतं. सुलटं काढायला मात्र पाय निघत नव्हता. मागितलेलं मिळालं होतं आणि माणूस गेला होता. अशा वेळी देवासमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं, हे सारा जन्म शाळेत पोरींना स्तोत्रं शिकवूनही मला कळत नव्हतं.

यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला तेव्हा वीज मंडळातून निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती. इंदूरला ऑपरेशन झालं, गाठ काढली. घरी सोडताना रुग्णालयाने फाइलबरोबर एक छोटी डबी दिली. तिच्यात मेणाचा चौकोन होता, काडेपेटीपेक्षाही लहान, आणि मेणात तपकिरी डागासारखा त्या गाठीचा तुकडा. "ब्लॉक है, संभालकर रखना," असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं आणि रजिस्टरमध्ये माझी सही घेतली. मी डबी घरी आणली खरी, पण आमच्याकडे कापलेली नखं, पडलेला दातसुद्धा घरात ठेवत नाहीत. इथे तर प्रत्यक्ष रोगाचा तुकडा, आणि कपाट देवघराला लागून. चार दिवस त्या कपाटापाशी गेलं की माझ्या अंगावर काटा यायचा. पाचव्या दिवशी अमावास्या होती. कुणाला न सांगता मी रामघाटावर गेले आणि तो चौकोन एका झेंडूच्या फुलाबरोबर क्षिप्रेत सोडला. मेणच ते, बुडालं नाही. फुलाच्या सोबतीने बराच वेळ तरंगत गेलं. रोग गेला, असं मनाशी म्हणाले, हातपाय धुतले आणि घरी येऊन यांच्यासाठी मऊ भात लावला.

दीड वर्षाने रोग यकृतात दिसला. एका प्रकारची केमो झाली, मग दुसऱ्या प्रकारची, आणि गाठी वाढतच राहिल्या. पेपरात वाचलेल्या इम्युनोथेरपीबद्दल मी मोठ्या आशेने विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळचा एक जुना रिपोर्ट पुढे केला. यांची गाठ 'मायक्रोसॅटेलाइट स्टेबल' होती. या आजाराच्या बहुतेक रोग्यांची तशीच असते, आणि अशा गाठींवर ते औषध एकट्याने जवळजवळ काम करत नाही, असं त्यांनी समजावलं. 'स्टेबल' म्हणजे स्थिर. इतक्या चांगल्या शब्दाने आमचं दार बंद व्हावं, याचा मला राग आला. नव्या औषधांच्या चाचण्या चालू असतात, त्यात कुठे जागा मिळते का बघा, एवढीच वाट त्यांनी दाखवली.

ती वाट आमच्या मुलीने, मुक्ताने, पुण्यात बसून शोधली. नोकरी सांभाळून ती सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर एकेक चाचणी वाचायची आणि फोन लावायची. कुठे भरती संपलेली, कुठे गाठीत विशिष्ट दोषच हवा, कुठे दोन केमो झालेला माणूस चालत नाही, तर कुठे दोन झाल्याशिवाय घेत नाहीत. मी टावर चौकातल्या दुकानात यांचे कागद स्कॅन करायला इतक्यांदा गेले की दुकानदार मला पाहिलं की न विचारता मशीन सुरू करायचा. शेवटी अहमदाबादला एक चाचणी सापडली. दोन औषधं एकत्र देऊन बघणारी, नेमकी यांच्यासारख्या गाठींसाठी. सगळ्या अटी जुळल्या आणि मुक्ताचा फोन आला. "आई, आता फक्त ऑपरेशनचा ब्लॉक पाठवायचा. दहा दिवसांत. तुझ्या कपाटात आहे ना?"

मी "हो" म्हणाले. एक पूरा दिवस मी त्या खोट्यावर काढला. नवा तुकडा काढता येईल का, हे गुपचूप डॉक्टरांना विचारून पाहिलं. गाठी मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून होत्या, सुई घालायला ते तयार नव्हते. शेवटी मी यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. हे रागावले असते तर सोसलं असतं. हे गालातल्या गालात हसले. "म्हणजे थोडं विसर्जन तू आधीच उरकून घेतलंस. चल, काही गोष्ट नाही, पुढचं काम हलकं झालं." मग माझा हात धरला, तो कितीतरी वेळ सोडला नाही. जगायची इच्छा यांना फार होती. ती मी त्या दिवशी पाहिली, आणि तिच्या आड मीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सकाळीच चिंतामणला गेले. घाईत कुंकू इतकं पातळ कालवलं गेलं की स्वस्तिकाची एक बाजू खाली ओघळली. "देवा, तो तुकडा मिळू दे," मी म्हणाले. एवढंच. यांना बरं कर, असं म्हणायला हवं होतं. पण जीव त्या एका चौकोनात अडकला होता, दुसरं काही सुचलंच नाही.

तिथून तशीच इंदूरची बस धरली. तळघरातल्या लॅबच्या खिडकीवर रजिस्टर उघडलं गेलं, माझीच सही मला दाखवली गेली. ब्लॉक दिलेला आहे, आमच्याकडे काही नाही, म्हणून खिडकीवरचा माणूस मोकळा झाला. मी बाकावर बसले आणि रडू आवरेना. तिथे एक टेक्निशियन डबा खात होते, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी चौकशी केली तेव्हा मी त्या अनोळखी माणसाला अमावास्या, क्षिप्रा, झेंडूचं फूल, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, उपदेशही केला नाही. पोळी तशीच ठेवून डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "बैठो बहनजी, ज़रा दराज़ें देख लूँ."

आतले खण धुंडाळून ते तीन तासांनी बाहेर आले. बाह्या मेणाच्या भुकटीने पांढऱ्या झाल्या होत्या आणि तळहातावर एक चौकोन होता. ऑपरेशनच्या वेळी गाठीतून एकाहून जास्त तुकडे घेतले होते. त्यातला एक 'स्टेबल' आहे का ते ठरवणाऱ्या तपासणीसाठी बाजूला गेला आणि परत आपल्या नंबराच्या जागी न जाता दुसऱ्याच खणात पडून राहिला. रजिस्टरलाही त्याचा पत्ता नव्हता. ज्या रिपोर्टने आमचं दार बंद केलं, त्याच्याच पायी तो तुकडा वाचला होता. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते मागे सरले. पुढे एकदा मी त्यांना लाडू घेऊन गेले, तेव्हाही एक लाडू तोंडात टाकून म्हणाले, "मैंने तो बस दराज़ खोली थी." हा चमत्कार होता की नाही, याची चिकित्सा मी केली नाही. माझं मागणं पूर्ण झालं होतं, एवढं मला ठाऊक होतं.

यांना चाचणीत घेतलं. सही करण्याआधी यांनी तो जाडजूड कागद दोन वेळा वाचला. तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही, या ओळीवर बोट ठेवून हे म्हणाले, "विजेची नवी लाइन टाकली की कुणाला तरी आधी प्रवाह सोडून, चार्ज करून बघावीच लागते." दर तीन आठवड्यांनी आम्ही अहमदाबादला जायचो. पहिल्या स्कॅनमध्ये गाठी होत्या तेवढ्याच होत्या, तेव्हा स्टेशनवर यांनी मला आग्रहाने आइसक्रीम खायला लावलं. दुसऱ्या स्कॅनमध्ये त्या वाढलेल्या होत्या. औषध थांबलं. माघात एका दुपारी फ्रीगंजच्या आमच्या घरी, माझा हात हातात असताना, हे गेले. ज्या पायरीवरून मी मेणाचा तुकडा सोडला होता, तिच्यावरूनच मुक्ताने अस्थी सोडल्या. पुढचं काम हलकं झालं, हे यांचं बोलणं मला तिथे आठवलं. हलकं मुळीच नव्हतं.

त्यानंतर मी चिंतामणकडे फिरकले नाही. मागताना मीच चुकले, असं मनाने घेतलं. तुकडा मागितला, माणूस मागायला विसरले. देवाने मोजून तेवढंच दिलं. सुलटं स्वस्तिक काढायचं म्हणजे पावलास असं म्हणायचं, आणि ते माझ्याच्याने होत नव्हतं.

दिवाळीनंतर अहमदाबादहून चाचणीचं काम पाहणाऱ्या मुलीचा फोन आला. "आंटी, अंकल का थोड़ा ब्लॉक बचा है. वापस भेज दें, या रिसर्च के लिए रख लें? अंकल ने फ़ॉर्म पर लिखा था, पत्नी से पूछना." जाता जाता हे माणूस माझ्यासाठी तेवढं ठेवून गेलं होतं. जे मी एकदा न विचारता नदीत टाकलं, ते पुन्हा माझ्याच हवाली केलं होतं. यांच्या देहाचं या जगात उरलेलं तेवढंच. छातीशी धरून ठेवावं असं मला वाटलं, अगदी खरं सांगते, कपाटात, देवघराला लागून. मग यांची ती लाइन आठवली. चार्ज करणं अजून चालू आहे. मी म्हणाले, "रख लो बेटा. किसी के काम आए." फोन ठेवला आणि पोटभर रडले.

पुढच्या बुधवारी चिंतामणला गेले. माझं उलटं स्वस्तिक केव्हाच पुसून गेलं होतं, त्या जागी इतरांची कितीतरी होती. भिंतीशी एक बाई कुंकू कालवत होती. माझा हात सुलट्या बाजूने वळलेला पाहून तिने विचारलं, "मन्नत पूरी हुई, दीदी?"

"हो गई," मी म्हणाले, आणि बोलल्यावर कळलं की ते खरं आहे. किती द्यायचं हे माझ्या शब्दांवर कधी ठरणारच नव्हतं. मी बरोबर मागितलं असतं तरी हे गेले असते, आणि चुकीचं मागूनही आम्हाला आशेचे सात महिने मिळाले, एक अनोळखी माणूस डबा अर्धा टाकून उठला, आणि यांना शेवटपर्यंत आपण कुणाच्या तरी कामाला येतोय असं वाटत राहिलं. यातलं काहीच मला मागता आलं नसतं. सुचलंच नसतं.

या वेळी कुंकू ओघळलं नाही. नवं मागणं काही नव्हतं. डोळे मिटले आणि त्या खिडकीवरच्या माणसाने मला डबी देताना जे सांगितलं होतं, तेच गणपतीला सांगितलं. सांभाळून ठेव.