चिंचेनं घासलेली काचपेटी

भंडाऱ्यातलं पितळी भांड्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. आधी दुसऱ्याच्या दुकानात हंडे घासले, मग स्वतःचे विकले. चकाकी म्हणजे अर्धी विक्री, हे मी तिथंच शिकलो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नागपूरहून माशांची काचपेटी आणली, तीही याच हिशेबानं. मासे पाहत बसलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं उठत नाही. मासेवाल्याशी दोन तास घासाघीस करून पेटी, सहा काळे मॉली मासे आणि पाणवनस्पतींची जुडी माझ्याच भावात घेतली. एसटीत पेटी मांडीवर घेऊन आलो ते लढाई जिंकल्यासारखा.

पेटी गल्ल्याशेजारी मांडली आणि हंड्यासारखीच रोज घासू लागलो. मासे बादलीत, झाडं उपटून परातीत, आणि काच, वाळू, गोटे सगळं चिंचेच्या कोळानं लख्ख. आठवड्यात तीन मासे मेले, झाडांचा लगदा झाला.

तणतणत नागपूर गाठलं. रोगट माल गळ्यात मारला म्हणून भर दुकानात मासेवाल्याचा उद्धार केला. पाणी कधी बदलता, काच कशानं पुसता, असं तो शांतपणे विचारत गेला. मी छाती फुगवून सांगितलं.

“सेठजी, मछली पाल रहे हो या बर्तन मांज रहे हो?”

अख्खं दुकान हसलं. ते हसू मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

माझे सासरे धानाचे शेतकरी, त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, गावतळ्याला लागून. कचेरीच्या कामाला आले, तेव्हा त्यांनी लखलखत्या पेटीतले तीन मरतुकडे मासे पाहिले. पुढच्या खेपेला तुपाच्या रिकाम्या डब्यात तळ्याचा गाळ आणि पाणगवत घेऊन आले. गावकरी दरवर्षी उपटून तळ्याच्या पाळीवर फेकतात, तेच गवत. त्यांनी वाळूखाली गाळ पसरला, रोप लावावं तसं गवत लावलं, पाणी भरलं. पेटीचा चहा झाला.

“मामाजी, गिऱ्हाईक काय म्हणन?”

“जवाई, धान लावल्यावर रोज उपटून मुळं पाहतो का आपन? पंधरा दिवस हात नोका लावू.”

ते पंधरा दिवस मी दुकानातला एकेक गडू तीनतीनदा घासला. उरलेले तीन मासे त्या गढूळ पाण्यात जिवंत आहेत की नाहीत, तेही दिसेना. आठव्या दिवशी कोपरापर्यंत हात पेटीत घातलाच होता, तेवढ्यात मागून बायको म्हणाली, “बाबांले काय सांगू?” हात बाहेर आला.

बाराव्या दिवशी पाणी आपोआप निवळलं. दुपारचं ऊन दारातून पेटीवर पडलं आणि गवताच्या पात्यांवरून बुडबुड्यांच्या माळा सुटू लागल्या. गवतात डास वाटावेत अशी काळी पिल्लं फिरत होती. मोजायला वाकलो. त्या नादात एका बाईनं पाण्याचा पितळी गुंड अर्ध्या भावात मागितला आणि मी हो म्हणून बसलो. उभ्या आयुष्यात एवढाच सौदा हरलो, आणि त्याचा राग काही येईना.

महिन्यानं बरणीत पिल्लं आणि गवत घेऊन मुद्दाम नागपूरला गेलो. मासेवाल्यानं बरणी उजेडात धरली, गवत पुन्हापुन्हा पाहिलं आणि भाव विचारला. मी भाव सांगितला नाही. त्याच्या शेवाळलेल्या पेट्यांकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, काच कशानं पुसता?

तो खळखळून हसला. पण त्या दिवशी दुकानात दुसरं कोणीच नव्हतं, हे मला अजून खटकतं.