डब्याच्या बदल्यात रीसलिंग

सन २०२३, ऑगस्टचा पहिला आठवडा, तिकडे भर उन्हाळा. मी आणि सुमन तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे स्टुटगार्टला गेलो. आता गावातले विचारतात, "काय काय पाहिलं?" मी सांगतो, शेजारी पाहिला. त्या एका माणसाचेच किस्से एवढे साठले, की बर्लिन राहून गेलं!

हेर बाउमान, म्हणजे बाउमानसाहेब. खालच्या मजल्यावर एकटाच राहायचा, माझ्याच वयाचा. डोंगरउतारावर त्याचा द्राक्षांचा तुकडा होता. त्यातून तो पांढरी वाइन करायचा, रीसलिंग. गोडीचं नाव नाही. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, हे पहिल्याच दिवशी मुलाकरवी सांगून टाकलं. "या, या," म्हणाला, म्हणजे हो, हो, आणि माझ्यापुढे सफरचंदाचा रस ठेवला.

*

एका सकाळी सुमनच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुलगा संदीप कामासाठी वोल्फ्सबुर्गला. मी खाली जाऊन बाउमानचं दार वाजवलं. भाषा येईना, म्हणून पोट धरून, वाकून दाखवलं.

त्याने मलाच उचलून गाडीत घातलं! सुमन मागून चालत आली.

जन्मभर मी ट्रक चालवला. त्या उतारावर त्याच्या शेजारी बसून रिकाम्या जागी ब्रेक दाबत होतो.

पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सुमन घरी येईपर्यंत त्याने मला रोज नेलं-आणलं. मी पेट्रोलचे पैसे पुढे केले. त्याने माझी मूठ मिटली. "नाखबार," एवढंच म्हणाला. म्हणजे शेजारी.

मी कुणाचं उसनं ठेवत नाही. ते ठेवून विमानात बसायचं नव्हतं.

*

सुमन हिंडूफिरू लागली आणि पहिला डबा खाली गेला. श्रीखंडाचा. बाउमानने एक चमचा खाल्ला, वर वाइनचा घोट घेतला. चेहरा चिंचेसारखा!

"इंटरेसांट," म्हणाला.

संदीप हळूच म्हणाला, "बाबा, म्हणजे परत आणू नका."

सुमन हट्टी. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर वडी नेली, खरपूस तळलेली. एक वडी, एक घोट. पुन्हा वडी, पुन्हा घोट. डबा संपला. मग टेबलावर थाप मारली. "गेनाऊ!"

"म्हणजे अगदी बरोबर. पास झालीस, आई," संदीप म्हणाला.

तिथेच सुमनने घोटाळा केला. संदीपकरवी सांगितलं, आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी डबा आला. सोबत रीसलिंगची बाटली.

तळलेला मासा पाठवला, बाटली आली. थालीपीठ पाठवलं, बाटली आली. मी फेडायला जायचो आणि उसनं वाढायचं! कपाटात माझ्या स्वेटरांशेजारी बाटल्यांची रांग लागली.

"अहो, गावाकडं फोटो पाठवू का?" सुमन हसायची. तिचं काय जात होतं!

*

संदीपच्या मित्राने एकदा त्या वाइनमध्ये कोला ओतायला घेतला. बाउमान उठला. ग्लास काढून घेतला, कोलाची बाटली त्याच्या हातात दिली, वाइन स्वतः प्याला.

"आल्झो," म्हणाला, म्हणजे तर मग, "आता दोघंही सुखी!"

*

ऑक्टोबरात बाउमान जिन्यावरून पडला. पाय प्लास्टरमध्ये. मुलगी लांब ड्रेस्डेनला. वेलीवर द्राक्षं तयार.

"पाखरं खातील," म्हणाला. दुसरीकडे बघत.

आम्हाला पुढच्याच आठवड्यात निघायचं होतं. मी संदीपला म्हटलं, "शनिवारी तुझे सगळे मित्र घेऊन ये." आमच्याकडे याला सावड म्हणतात. तू माझ्या शेतात, मी तुझ्या.

सगळे इंजिनिअर! एकाने उतार मोजायला फोन काढला. "अरे, कात्री चालव!" मी ओरडलो. कोलावाला सगळ्यांत पुढे होता. बाउमान खाली खुर्चीत बसून काठीने ओळी दाखवत होता. दुपारी पिठलं-भाकरी झाली. दिवस मावळायच्या आत वेली मोकळ्या.

बाउमानने संदीपला विचारलं, "तुझ्या वडिलांना काय देऊ?"

मीच उत्तर दिलं. "नाखबार."

सोमवारी सुमनने वड्यांचा डबा खाली पाठवला. संध्याकाळी परत आला. घासलेला, पुसलेला.

तिने झाकण उघडलं, दाराबाहेरही डोकावून पाहिलं. "अहो, रिकामाच दिला की हो!"

"फिटलं," म्हणत मी डबा घेतला आणि बॅगेत भरला.