साळवेबाईंचा निरोप

जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या गल्लीत साळवेबाई अनवाणी धावत आल्या, की लोक हसतमुखाने दार उघडायचे. कुणाला मुलगा झालेला असे, कुणाचं लग्न ठरलेलं असे. पण त्या चपला घालून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन हळूहळू येताना दिसल्या, की ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबत. बाई आज कुणाच्या तरी घरी बराच वेळ बसणार, हे त्यांना कळे.

तेव्हा गल्लीत फोन एकट्या बाईंकडे होता. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात होते, म्हणून तो लवकर मिळालेला. यजमान गेले तरी बाईंनी फोन ठेवला. प्राथमिक शाळेतली नोकरी सांभाळून त्या आम्हा सगळ्यांचे निरोप पोचवत.

शेजारच्या शकुंतलाकाकूंचा भाऊ कुंभार पिंपळगाव या गावी अचानक वारला, तेव्हा मी काकूंच्याच ओसरीत बसले होते. निरोप ऐकून काकांनी बाईंना दारातच अडवलं. हळूच म्हणाले, "बाई, नुसतं सिरियस हे म्हणून सांगा. गावाला गेल्यावर कळंल तिला."

"न्हाई भाऊ. मला असंच सांगितल्तं," बाई म्हणाल्या. त्या स्वतःबद्दल कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "औरंगाबादच्या दवाखान्यातून निरोप आला, यजमान सिरियस हेत, या. मी बसमधे त्यांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसल्ते. थर्मासातला चहा गरम राहील का, हाच घोर. अन् ते सकाळीच गेल्ते. शेजारी बसलेल्या दिराला माहीत होतं, मलाच न्हाई. माणसाला असं वाटभर आशेवर न्यायचं न्हाई, भाऊ."

त्या आत गेल्या. चुलीवरचा तवा उतरवला, काकूंचा हात धरला. "काकू, बसा. तुमचे भाऊ गेले."

काकूंनी त्यांना जोरात ढकललं. नाही नाही ते बोलल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग बाईच काकूंना कुशीत घेऊन एसटीने पिंपळगावला गेल्या.

पुढे घरोघरी फोन आले, मागोमाग मोबाईल. बाईंकडे कुणाच्या निरोपाचे फोन येईनात. त्यांच्या फोनची लाईन बिघडली की लवकर दुरुस्त होत नसे. बाई रिक्षा करून नवीन जालन्यात टेलिफोन ऑफिसला जात, साहेबांसमोर उभ्या राहत. मुलगी वैतागून म्हणायची, "आई, काढून टाक ना ते. मोबाईल दिलाय की तुला."

"मोबाईल माणसाला कुठंबी गाठतो," बाई म्हणायच्या. "बसमधे, रस्त्यात, भर उन्हात. घरचा फोन माणसाला घरीच गाठतो."

बाईंना जाऊनही आता काळ लोटला. मला त्यांचा आवाज आठवतो तो एका दुपारचा. मी पुण्यात नोकरीला होते, आई मस्तगडलाच राहायची. सुट्टीचा दिवस होता, नवरा गावाबाहेर गेला होता. मी भाजी घेऊन आले, तर कुलूप काढतानाच आत फोन वाजत होता. माझा मोबाईल पर्समध्ये चालू होता. गल्लीतले लोक त्यावरच फोन लावायला निघाले होते आणि बाईंनी त्यांना थांबवलं होतं, हे मला नंतर कळलं. "पोरगी रस्त्यात असली मंजे?" असं म्हणून त्या घरच्याच नंबरवर पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्या होत्या.

"मीना, घरात आलीस का? खाली बस. बसलीस?"

"बसले, बाई."

"तुझी आई गेली बाळा. जेवून पडल्या होत्या, झोपेतच गेल्या."

मी काय बोलले आठवत नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "तुझ्यापाशी कोन हे?"

"कुणी नाही."

"मंग शेजारचं दार वाजव. कोनी येईस्तोवर मी फोन ठेवत न्हाई."

मला उठवेना. मी रिसीव्हर कानाला धरून फरशीवर रडत राहिले. पलीकडून बाईंचा श्वास ऐकू येत होता. मध्येच "हं" म्हणत होत्या. मग त्यांच्या दारात कुणीतरी आलं. आईला न्हाऊ घालायचं होतं, बायका बाईंसाठी खोळंबल्या होत्या.

"तुम्ही पाणी तापवा," बाई त्यांना म्हणाल्या. "मी येते. पोरगी एकटी हे."