फळ्यावरची गाणी

आखाडा बाळापूरला माझी बस कधीच वेळेवर येत नाही, म्हणून थांब्यासमोरच्या हळदीच्या आडत दुकानातला मुनीम मला पाठ झालाय. पन्नाशीचा माणूस, मोबाइलचा इअरफोन कायम एका कानात. दुकानाच्या फळ्यावर तो वर हळदीचा भाव लिहितो आणि खाली, दर सोमवारी, परदेशातल्या ऑल्टरनेटिव्ह रॉक गाण्यांचे लोकप्रियतेच्या यादीतले नंबर: मागच्या आठवड्याचा आणि या आठवड्याचा. लिहिताना चप्पल ताल धरते.

परवा एक म्हातारे शेतकरी फळा वाचून खूश झाले. "हे तीनावरून नवावर गेलं! तेजी हाय मुनीमजी!"

"उलटं हाय काका," तो हसला. "हितं आकडा वाढला की गाणं पडलं."

काकांना ते काही पटलं नाही. त्यांनी तळाच्या गाण्याकडे बोट दाखवलं. "अन् याला आकडाच काहून न्हाई?"

"ते यादीतून कवाच गेलं. पण माझं आवडतं हाय, पुसवत न्हाई."

"मंग तेच लावा की."

त्याने ते गाणं लावलं आणि मोबाइलमधून इअरफोन उपसला. गिटारी कडाडल्या, पोत्यांवर टेकलेले हमाल दचकले. काकांनी मात्र डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि उठता उठता सल्ला दिला, "मुनीमजी, इतक्यात इकू नका. भाव येईल याला."