मागचं डावं चाक

गाडी खाली करायचं वेड मला अमरावतीला नोकरी लागल्यावर लागलं. गाडी साधीच होती, सेकंडहँड, पांढरी, लहान. आधी स्प्रिंग बदलून तिला जमिनीजवळ आणलं. मग तिची मूळ चाकं फारच किरकोळ दिसायला लागली, म्हणून मोठी अलॉय चाकं आणि रुंद टायर घेतले. बसवून देणारा माझा मित्रच. बडनेरा रोडला त्याचं टायरचं दुकान आहे. त्याने आधीच बजावलं होतं, "दिसन झकास. पन मांगं मानूस बसला का टायर वरच्या पत्र्याले घासन. तू पाहून घे बाप्पा."

झालंही तसंच. पुढे दोघं बसलो तर गाडी मुकाट पळायची. मागे डाव्या बाजूला कोणी बसलं, की प्रत्येक खड्ड्याला, पुलाच्या प्रत्येक सांध्याला खालून 'खर्रर' असा आवाज यायचा. उजवीकडे थोडी जास्त जागा होती, तिथे निभून जायचं. ऑफिसातल्या कोणाला सोडायचं असलं तर मी त्याला उजवीकडेच बसवायचो. पुढे पुढे त्या आवाजाची इतकी ओळख झाली, की डावीकडे कोणी आहे की नाही हे मला आरशात न बघताही कळायचं.

आई अकोल्याला जुन्या शहरात, मोठ्या भावाकडे राहते. तिच्या डोळ्यांवर अमरावतीत उपचार चालले होते. अधूनमधून मी तिला न्यायला जायचो. गुडघे वाकत नाहीत म्हणून ती पुढेच बसायची, पिशवी मांडीवर घेऊन.

ती खेप उन्हाळ्यातली. जेवून निघेपर्यंत दुपार झाली होती. मूर्तिजापूर मागे पडलं. ट्रक सोडले तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं आणि त्यांच्यावर थरथरणारी हवा. एका फाट्यापाशी पुलाच्या दुरुस्तीचं काम चालू होतं, म्हणून पुलावरून न जाता बाजूच्या खालच्या रस्त्याने गाडी घ्यावी लागली. तिथे एक निंबाचं झाड आहे. मी गाडी अगदी हळू केली. झाडाखाली कोणी नव्हतं. पुन्हा मोठ्या रस्त्याला लागलो आणि मागून आवाज आला. खर्रर.

पुढच्या सांध्याला पुन्हा. मग पुन्हा.

गाडी बाजूला घेतली. टायरमध्ये हवा होती, दगड काही अडकला नव्हता. डिकी रिकामी. मग चाकाच्या वर हात घातला. उजवीकडे टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बोटं शिरत होती. डावीकडे एक बोटसुद्धा शिरेना. रबराचा जळका वास येत होता.

"काहून थांबला गा?" आईने विचारलं.

"मांगं कोनी बसल्यावानी आवाज येऊन राह्यला."

तिने मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "चाल आता. ऊन लय हाय." मी बसलो, चावी फिरवली. तेवढ्यात ती म्हणाली, "माही सीट जराशी पुढं घे. त्याचे पाय अडकत असतीन."

वाकून सीट पुढे सरकवली. आजही त्याचं आश्चर्य वाटतं, की मी ती सरकवली. पुढचा सगळा रस्ता तो आवाज आमच्यासोबत होता. बडनेऱ्याच्या अलीकडे आई समोरच बघत, कोणाही सोबतच्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, "आलं बाप्पा बडनेरा. उतर." माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्यानंतर अमरावतीपर्यंत गाडीने हूं की चूं केलं नाही.

"कोनाशी बोलली तू?"

"पहिले त्या फाट्यावर यष्टी थांबे. आता रस्ता मोठा झाला, यष्टी वरूनच जाते. थांबनारा तर थांबतेच ना."

दुसऱ्या दिवशी मित्राकडे गेलो. त्याने गाडी लिफ्टवर चढवली. स्प्रिंग शाबूत होती. पण चाकावरचं प्लॅस्टिक फाटून आतला पत्रा चकाकत होता. "रोज कोनाले बसवतं बे इथं?" त्याने हसत विचारलं. त्याने पत्र्याची आतली कड गरम करून रोलरने वर दाबली आणि मग दुकानातली तीन माणसं मागे कोंबून चक्कर मारली. आवाज बंद.

पुढच्या खेपेला मी निर्धास्त होतो. फाट्यावरचं काम अजून चालूच होतं. निंबापाशी गाडी हळू झाली, मोठ्या रस्त्याला लागली. सांधे गेले, खड्डे गेले, काही नाही. मी श्वास सोडला, तोच आई म्हणाली, "सीट पुढं घे."

तेव्हा मला खरी भीती वाटली. आवाज होता तोवर निदान कळत होतं. आता मागे सीट रिकामी दिसत होती, गाडी गप्प होती, आणि सांगायला फक्त आई होती. बडनेऱ्याला ती पुन्हा "उतर बाप्पा" म्हणाली. मी थांबलो. दार उघडलं नाही, की वाजलं नाही. पण कोणी उतरलं की लहान गाडी मागून जरा वर येते ना, तशी ती वर आली.

त्याच आठवड्यात मी सगळं काढून टाकलं. कंपनीच्या स्प्रिंग, कंपनीची चाकं. मित्र चिडला. "येवढी मेहनत केली मी, आन् तू बैलगाडी केली तिची."

त्यानंतरच्या खेपेला निंबाजवळ मी स्वतःहूनच विचारलं, "बसला काय?"

"नाई," आई म्हणाली. "उंच केली तू गाडी. म्हातारा हाय तो, पाय उचलत नाई त्याचा." आणि झाड दिसेनासं होईपर्यंत ती मागे बघत राहिली.

आता तिचे उपचार संपलेत. मी एकटाच येतो-जातो. काम पूर्ण झालंय, गाड्या पुलावरूनच जातात, खाली उतरायचं कारण उरलेलं नाही. उतरायचा धीरही होत नाही. पण दुपारची वेळ असली, की तिथून बडनेऱ्यापर्यंत कोणाला तरी उन्हात उभं सोडून आल्यासारखं वाटत राहतं.